नाकारलेली भेट : जॉन स्टाइनबेक आणि त्याची ‘ईस्ट ऑफ ईडन’

अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक म्हटला, की इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यापुढे प्रथम उभी राहते ती ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’. दुष्काळ आणि धुळीची वादळे यांनी देशोधडीला लागलेल्या, मोडक्या मोटारीतून ओक्लाहोमाहून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या एका शेतकरी कुटुंबाची ती कादंबरी. तिच्यामुळे त्याला १९४० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, तिच्यामुळेच त्याचे नाव जगभर गेले. स्वतः स्टाइनबेक मात्र आपले खरे पुस्तक निराळेच मानी. १९५२ साली प्रसिद्ध झालेली ‘ईस्ट ऑफ ईडन’ हे ते पुस्तक. तोवरचे सारे लेखन म्हणजे या एका कादंबरीची पूर्वतयारी होती, अशी त्याची समजूत होती. टीकाकारांना ती तेव्हा पटली नाही आणि आजही पुष्कळांना पटत नाही. परंतु लेखकाचे आयुष्य आणि हे पुस्तक शेजारी शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे त्याला असे का वाटत असावे हे ध्यानात येते. प्रस्तुत लेखात तेवढेच करावयाचे आहे.

जॉनचा जन्म २७ फेब्रुवारी १९०२ रोजी कॅलिफोर्नियातील सॅलिनास या गावी झाला. पूर्वेला गॅबिलन पर्वत, पश्चिमेला सांता लुसिया पर्वत आणि मधून वाहणारी, उन्हाळ्यात वाळूखाली दडणारी सॅलिनास नदी, असा तो लांबट खोऱ्याचा मुलूख. वडिलांचे घराणे मूळचे जर्मन. आजोबा जर्मनीहून पॅलेस्टाइनच्या पवित्र भूमीत गेले, तेथे त्यांच्या सख्ख्या भावाचा खून झाला आणि मग ते अमेरिकेत आले. आईचे वडील सॅम्युएल हॅमिल्टन उत्तर आयर्लंडमधून आलेले. किंग सिटीजवळच्या नापीक जमिनीवर त्यांनी आपला मोठा खटला वाढविला. आई ऑलिव्ह ही लग्नापूर्वी शिक्षिका होती. करारी, महत्त्वाकांक्षी, मुलांकडून पुष्कळ अपेक्षा ठेवणारी. तीन बहिणींमध्ये जॉन हा एकुलता एक मुलगा. तेव्हा या अपेक्षांचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडले असेल, हे आपल्याकडच्या वाचकाला निराळे सांगावयास नको.

वडील मितभाषी होते. पिठाच्या गिरणीचे व्यवस्थापक म्हणून त्यांचे बरे चालले होते. ती गिरणी बंद पडली. मग त्यांनी घोड्यांच्या दाण्यावैरणीचे दुकान काढले, परंतु मोटारी आल्या, घोडे गेले आणि दुकानही बुडाले. अखेरीस मॉन्टेरे परगण्याच्या खजिनदाराची नोकरी त्यांना मिळाली व तीत त्यांनी उरलेले आयुष्य काढले. हिशेबाच्या वह्या आणि परसातली बाग यांच्यात जगलेला हा माणूस. आपल्या वडिलांना जे व्हावयाचे होते ते कधी होता आले नाही, ही खंत मुलाच्या मनात कायमची राहिली.

लेखक व्हावयाचे, हे जॉनने पोरवयातच ठरविले. नऊ वर्षांचा असताना मावशीने दिलेली मॅलरीची आर्थर राजाची कथा वाचून त्याला शब्दांचे वेड लागले असे सांगतात. १९१९ मध्ये तो स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाला. कधी वर्गात तर कधी साखर कंपनीच्या शेतांवर मजुरीत, अशी सहा वर्षे काढून १९२५ मध्ये तो पदवी न घेताच बाहेर पडला. न्यूयॉर्कला जाऊन त्याने इमारतीच्या बांधकामावर विटा-सिमेंट वाहिले, वर्तमानपत्रात बातमीदारी केली, ती नोकरी घालविली आणि हात हलवीत परत आला. १९२९ साली निघालेली पहिली कादंबरी कोणी फारशी वाचली नाही, पुढच्या दोनही नाहीत.

या काळात त्याला कोणी पोसले? त्याच मितभाषी वडिलांनी. १९३० मध्ये जॉनने कॅरल हेनिंगशी लग्न केले, तेव्हा पॅसिफिक ग्रोव्ह येथील घराण्याचे लहानसे घर त्यांनी नवदांपत्याला राहावयास दिले आणि महिन्याला २५ डॉलर देऊ केले. मुलगा तिशीला आला तरी कमवीत नाही, गावात लोक काय म्हणत असतील, आणि तरीही बाप दरमहा पैसे पाठवितो! हे सारे त्यांनी बोलून दाखविल्याची नोंद नाही. बोलून न दाखविणारा बाप मुलाला अधिक जड जातो, असे मला वाटते. त्याने रागवावे तर उत्तर तरी देता येते.

१९३३ मध्ये आईला पक्षाघात झाला. जॉन घरी परतला आणि तिची सर्व सेवा करू लागला. अंथरुणे बदलणे, धुणे, रात्रीचे जागरण यांतून जो वेळ मिळे त्यात शेजारच्या खोलीत बसून त्याने ‘द रेड पोनी’मधील कथा लिहिल्या. वडिलांनी दिलेले शिंगरू आणि ते गमावणारा मुलगा हा त्यांचा विषय. घरात मृत्यू वाट पाहत असताना त्याला हा विषय सुचावा, यात नवल नाही. फेब्रुवारी १९३४ मध्ये आई गेली. पत्नीवाचून वडील खचत गेले आणि मे १९३५ मध्ये तेही वारले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांनी ‘टॉर्टिला फ्लॅट’ ही कादंबरी बाजारात आली आणि ती गाजली. मुलाने कमावलेले पहिले खरे यश वडिलांना दाखविता आले नाही. वर्षानुवर्षे घेतलेल्या त्या २५ डॉलरांची फेड करावयास हातात काही आले, तेव्हा घ्यावयास कोणी उरले नव्हते. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

यानंतरची चार-पाच वर्षे स्टाइनबेकच्या प्रतिभेची भरती होय. संपकरी फळमजुरांवरील ‘इन ड्युबियस बॅटल’ (१९३६), ‘ऑफ माइस अँड मेन’ (१९३७) आणि मग १९३९ मधील ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’. स्थलांतरित मजुरांच्या छावण्यांमधून तो स्वतः हिंडला, त्यांच्यावर वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली आणि १९३८ च्या उन्हाळ्यात व शरदात मिळून पाचएक महिन्यांत ते प्रचंड पुस्तक लिहून काढले. हस्तलिखित टंकलिखित करून दिले कॅरलने. शीर्षकही तिनेच सुचविले. जमीनमालक खवळले. कॅलिफोर्नियाच्या कर्न परगण्यात ग्रंथालयांतून पुस्तक काढून टाकण्याचा हुकूम निघाला. जन्मगावातही त्याच्याविषयी कडवटपणा पसरला. कीर्ती आली, पैसा आला आणि संसार मोडला. ज्या पत्नीने दहा वर्षे दारिद्र्यात त्याच्यावर विश्वास ठेवला तिला सोडून तो ग्विन काँगर या वयाने बऱ्याच लहान गायिकेच्या मागे गेला. १९४३ मध्ये कॅरलशी घटस्फोट आणि ग्विनशी विवाह झाला. दीनदुबळ्यांची बाजू घेणारा लेखक आपल्या घरातल्या माणसाशी असा वागला, हे त्याच्या चाहत्यांनाही झाकता येत नाही. त्याला स्वतःलाही ते झाकता आले नसावे.

१९४४ मध्ये थॉम व १९४६ मध्ये जॉन अशी दोन मुले झाली. मुले तान्ही असताना बाप बहुधा लेखनाच्या खोलीत किंवा परदेशात असे. १९४८ हे वर्ष तर त्याला कोसळवून टाकणारे ठरले. एड रिकेट्स हा मॉन्टेरेचा सागरी जीवशास्त्रज्ञ त्याचा अठरा वर्षांचा जिवलग मित्र होता. ‘कॅनरी रो’मधला डॉक त्याच्यावरूनच घेतलेला. मे महिन्यात रेल्वेच्या फाटकावर रिकेट्सच्या मोटारीला गाडीने धडक दिली आणि त्यात तो गेला. मित्राला मूठमाती देऊन स्टाइनबेक घरी येतो न येतो तोच ग्विनने आपल्याला घटस्फोट हवा असल्याचे सांगितले. मुले आईकडे राहिली. तो एकटा पॅसिफिक ग्रोव्हच्या त्या जुन्या लहान घरी परतला, वडिलांनी लग्नानंतर राहावयास दिले होते त्याच.

याच सुमारास त्याच्या मनात सॅलिनास खोऱ्यावरची मोठी कादंबरी आकार घेत होती. गावच्या वर्तमानपत्राच्या जुन्या फायली त्याने चाळल्या, आजोळच्या आठवणी गोळा केल्या. १९४९ मध्ये त्याची इलेन स्कॉटशी ओळख झाली, १९५० च्या डिसेंबरात त्यांचा विवाह झाला आणि हा तिसरा संसार अखेरपर्यंत टिकला. न्यूयॉर्कमध्ये बिऱ्हाड थाटून १९५१ च्या आरंभी त्याने लिहावयास घेतले.

लिहिण्याची पद्धत मोठी मजेदार होती. प्रकाशनसंस्थेतला त्याचा संपादक पास्काल कोविची याने एक मोठी वही दिली होती. तिच्या उजव्या पानावर कादंबरी आणि डाव्या पानावर, रोजचे काम सुरू करण्यापूर्वी, कोविचीला उद्देशून एक पत्र. हवा कशी आहे, पेन्सिली किती टोकदार आहेत, मुले सुटीला आली आहेत, आज कथानकात काय घडणार, सारे त्या पत्रांत येते. गवयाने गाण्यापूर्वी तानपुरा जुळवावा, तशी ती डावी पाने. त्याच्या मृत्यूनंतर १९६९ मध्ये ती स्वतंत्र पुस्तकरूपाने निघाली आणि लेखनकलेच्या अभ्यासकाने ती जरूर पाहावीत. त्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते : ही कादंबरी त्याने आपल्या दोन मुलांसाठी लिहावयास घेतली होती. पहिल्या खर्ड्यात तो थेट त्यांनाच उद्देशून बोलतो. एक मुलगा सहा वर्षांचा, दुसरा चार वर्षांचा. ते त्याच्या घरी राहत नाहीत. आणि बाप त्यांना आपले खोरे, आपले आजोबा, आपले गाव आणि जगातल्या भल्याबुऱ्याचे सारे गणित एका वहीत लिहून देऊ पाहतो. नऊ महिन्यांनी, नोव्हेंबरच्या आरंभी वही पुरी झाली. सुतारकामाचा त्याला नाद होता. त्याने एक लाकडी पेटी कोरून तयार केली आणि तीत हस्तलिखित घालून ती कोविचीला भेट दिली.

आता कादंबरीकडे वळू. बायबलच्या पहिल्या ग्रंथात, उत्पत्तीमध्ये, सोळा वचनांची एक गोष्ट आहे. मराठी बायबलात ज्यांना काइन व हाबेल म्हटले आहे ते आदामाचे दोन पुत्र देवाला भेट आणतात. हाबेलची भेट देव स्वीकारतो, काइनची नाकारतो. का, ते सांगितलेले नाही. काइन संतापतो आणि भावाला ठार मारतो. मग त्याच्यावर खूण करून देव त्याला घालवून देतो आणि तो एदेनच्या पूर्वेकडे जाऊन राहतो. कादंबरीचे नाव तेथून आले. भाऊबंदकी आपल्याला परकी नाही. पण आपल्या भाऊबंदकीत जमिनीचा तुकडा असतो, राज्य असते. येथे भांडण आहे ते बापाच्या एका पसंतीच्या नजरेसाठी.

स्टाइनबेकने ही गोष्ट ट्रास्क घराण्याच्या दोन पिढ्यांत दोनदा घडविली आहे. पहिल्या पिढीत चार्ल्स हा धाकटा मुलगा लाकडे तोडून पैसे मिळवितो आणि वाढदिवसाला बापासाठी उत्तम चाकू आणतो. थोरला ॲडम वाटेत सापडलेले एक कुत्र्याचे पिल्लू देतो. बापाला पिल्लू आवडते, चाकूकडे तो फिरून पाहत नाही. चार्ल्स भावाला मरेस्तोवर मारतो. पुढे हाच ॲडम कॅथी नावाच्या स्त्रीशी लग्न करून सॅलिनास खोऱ्यात येतो. जुळे मुलगे जन्मताच ती नवऱ्यावर गोळी झाडून निघून जाते आणि गावातल्या एका कुंटणखान्याची मालकीण होते. मुलांना आई मेली असे सांगण्यात येते. केलब, म्हणजे कॅल, हा सावळा, एकलकोंडा. ॲरन देखणा, सोज्वळ, सर्वांचा लाडका. सॅलड पाला बर्फात घालून रेल्वेने पूर्वेकडे पाठविण्याच्या धंद्यात ॲडम पैसा बुडवितो. (लेखकाच्या वडिलांचे बुडालेले दुकान येथे आठवल्यावाचून राहत नाही.) बापाची झीज भरून काढावी म्हणून कॅल पहिल्या महायुद्धाच्या तेजीत घेवड्याच्या दाण्यांचा व्यापार करतो आणि १५,००० डॉलर बापाच्या पुढ्यात ठेवतो. ॲडम ते नाकारतो. तो लष्करभरतीच्या मंडळावर आहे. मुलांना मरावयास पाठवून त्या युद्धातला नफा मी घेऊ काय, असा त्याचा सवाल. शिवाय तू ॲरनसारखे चांगले आयुष्य मला दिले असतेस तर बरे होते, असेही तो बोलून जातो.

यात बापाचे चुकले असे म्हणता येत नाही. हीच या प्रसंगाची ताकद आहे. ॲडमचा युक्तिवाद नीतीच्या दृष्टीने बिनतोड आहे. मात्र त्या नोटांच्या पुडक्यात मुलाचा जीव होता, तो त्याला दिसला नाही. त्या रात्री कॅल भावाला घेऊन त्या घरी जातो आणि तुझी आई ही, असे दाखवून देतो. ॲरन कोसळतो, सैन्यात भरती होतो आणि युद्धात मारला जातो. बातमी ऐकून ॲडमला पक्षाघात होतो. कॅलने भावावर शस्त्र उचलले नाही. पण आपण भावाचा खून केला, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

वडिलांच्या निधनानंतर आलेले ‘टॉर्टिला फ्लॅट’चे यश मघाशी लक्षात ठेवावयास सांगितले होते ते याचसाठी. कॅल म्हणजेच स्टाइनबेक, असे समीकरण मांडणे भाबडेपणाचे होईल. जॉनच्या वडिलांनी त्याची भेट नाकारली नव्हती, ती फक्त वेळेवर पोचली नव्हती. पण आपण जे आणले ते बापाला पुरले काय, हा प्रश्न त्याला पुरता ठाऊक होता. आणि १९५१ मध्ये तो स्वतः बाप होता. आता भेट नाकारण्याची पाळी त्याच्याकडे आली होती, आणि त्याची दोन मुले दुसऱ्या घरी वाढत होती.

कादंबरीत तो स्वतःलाही सोडत नाही. कथेचा निवेदक त्याच्याच नावाचा लहान मुलगा आहे. महायुद्धाच्या दिवसांत गावातल्या एका निरुपद्रवी जर्मन शिंप्याला या मुलाने आणि त्याच्या बहिणीने भर रस्त्यात हिणविले, मोठ्यांनी मग त्याचे कुंपण जाळले, असा एक छोटा प्रसंग येतो. कथानकाला त्याची काडीचीही गरज नाही, तरी तो तेथे आहे. मला तो साऱ्या पुस्तकातला अत्यंत प्रामाणिक भाग वाटतो. जर्मन आडनावाच्या मुलाने जर्मन म्हाताऱ्याला छळावे, यातला भेदरटपणा लेखकाने नेमका टिपला आहे.

पुस्तकाचा कणा एका हिब्रू शब्दात आहे. भेट नाकारल्यावर देव काइनला पापाविषयी काहीतरी सांगतो. एका इंग्रजी भाषांतराप्रमाणे ते आश्वासन आहे : तू पापावर विजय मिळवशीलच. दुसऱ्याप्रमाणे ती आज्ञा आहे : तू विजय मिळव. ट्रास्कांच्या घरचा चिनी आचारी ली याला या फरकाने झपाटले. त्याच्या घराण्यातल्या वयोवृद्ध पंडितांनी उतारवयात हिब्रू शिकून शोध घेतला आणि निर्णय दिला, की मूळ शब्द, स्टाइनबेकच्या लेखनात ‘टिमशेल’, हा आश्वासन नव्हे आणि आज्ञाही नव्हे. ती मुभा आहे. विजय मिळविणे तुझ्या हाती आहे, न मिळविणेही तुझ्याच. हिब्रूच्या जाणकारांनी यावर आक्षेप घेतले. शब्दाचा उच्चार ‘टिमशोल’ असा हवा. शिवाय क्रियापदाचे ते रूप भविष्य, आज्ञा, शक्यता अशा अनेक अर्थांनी घेता येते, मुभा हा एकमेव अर्थ नव्हे. भाषांतरकाराला एका क्रियापदापाशी किती अडावे लागते, हे आपल्याकडे पंडिता रमाबाई निश्चित जाणून असतील. हिब्रू व ग्रीक शिकून अख्खे बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये आयुष्याच्या अखेरपर्यंत चालविले होते. व्याकरणात स्टाइनबेक कमी पडला असेल. पण त्याला शब्द नको होता, वाट हवी होती. वाईट रक्त आपल्या अंगात आले आहे, आई तशी म्हणून आपणही तसेच होणार, हे जे भय कॅलला खाते, त्यातून बाहेर पडण्याची वाट. शेवटच्या प्रसंगात अंथरुणावर पडलेल्या, जवळजवळ वाचा गेलेल्या ॲडमपुढे ली कॅलला उभे करतो आणि मुलाला मोकळे कर अशी विनवणी करतो. बाप कष्टाने तो एकच शब्द उच्चारतो. क्षमा केली, असे तो म्हणत नाही. ॲरन परत येत नाही. कॅलला मिळते ती फक्त पुढे जगण्याची परवानगी.

पुस्तकात दोष आहेत, आणि ते लहान नाहीत. हॅमिल्टन आणि ट्रास्क या दोन घराण्यांच्या कथा एकमेकींत नीट मुरत नाहीत. लेखक मधूनच थांबून प्रवचन करू लागतो. सर्वांत मोठी अडचण कॅथीची. प्रत्येक माणसाला निवड करता येते असे सांगणारी ही कादंबरी, पण तिच्यातली ही स्त्री जन्मतःच विवेकशून्य, एखाद्या व्यंगासारखी वाईटपणा घेऊन आलेली दाखविली आहे. मग तिची मुभा कोठे गेली? पुढे लेखक तिला राक्षसीण म्हणण्याबद्दल थोडा साशंक होतो खरा, पण उत्तर देत नाही. ग्विनवरचा राग या पात्रात उतरला असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. तसे असेल, तर मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्यांच्या आईला त्याने हा न्याय दिला, आणि स्वतः सांगितलेली उदारता तिच्यापुरती आवरती घेतली.

सप्टेंबर १९५२ मध्ये कादंबरी प्रसिद्ध झाली. समीक्षकांत दोन तट पडले, वाचकांनी मात्र ती उचलून धरली. १९५५ मध्ये इलिया कझानने तिच्या अखेरच्या भागावर चित्रपट काढला. कॅलची भूमिका केलेला जेम्स डीन त्याच वर्षी मोटार अपघातात वारला आणि चित्रपट अजरामर झाला. त्या चित्रपटात ली नाही, टिमशेलही नाही. बापलेकाची जखम तेवढी आहे. २००३ मध्ये ओप्रा विन्फ्रीच्या वाचनमंडळाने ही कादंबरी निवडली, तेव्हा पन्नास वर्षांनी ती पुन्हा खपाच्या यादीत अग्रभागी आली.

नंतरच्या आयुष्याविषयी थोडक्यात सांगता येईल. १९६२ च्या नोबेल पारितोषिकाने त्याला आनंदापेक्षा संकोचच अधिक दिला, कारण मायदेशातल्या वृत्तपत्रांनी त्याच्या योग्यतेवर शंका घेतली. पारितोषिकानंतर त्याने एकही कादंबरी प्रसिद्ध केली नाही. लहानपणच्या आर्थर राजाला आधुनिक इंग्रजीत आणण्याचे त्याचे काम अपुरेच राहिले. १९६६-६७ मध्ये तो व्हिएतनामला जाऊन आला, युद्धाच्या बाजूने लिहिले आणि जुन्या मित्रांना दुखावले. त्याचे दोन्ही मुलगे त्या युद्धात सैनिक म्हणून गेले. युद्धकाळातल्या नफ्याला नकार देणारा ॲडम ट्रास्क ज्याने रंगविला, त्याची ही भूमिका समजून घेणे जड जाते.

बाप म्हणून त्याचे काय? १९५८ मध्ये वसतिगृहात राहणाऱ्या चौदा वर्षांच्या थॉमने आपण प्रेमात पडल्याचे घरी कळविले, तेव्हा स्टाइनबेकने त्याला उलट टपाली उत्तर लिहिले. त्यात टिंगल नाही, दटावणी नाही. पोराच्या भावनेला मोठ्या माणसाच्या भावनेइतकाच मान दिलेला आहे. ते पत्र आज जगभर वाचले जाते. मुलाने पुढे केलेली भेट कशी घ्यावी, हे त्याला त्या दिवशी तरी साधले होते. पण दिवस सारखे नव्हते. मुले आई आणि बाप यांच्यामध्ये ओढली गेली. घरात मद्य होते, संताप होता, दीर्घ अबोले होते.

२० डिसेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्क येथे हृदयविकाराने त्याचे निधन झाले. त्याच्या अस्थी इलेन आणि थॉम यांनी कॅलिफोर्नियाला नेल्या. सॅलिनासच्या दफनभूमीत, आईच्या माहेरच्या हॅमिल्टनांच्या जागेत त्या पुरल्या आहेत. ज्या गावाने त्याच्यावर राग धरला त्या गावाने १९६९ मध्ये आपल्या ग्रंथालयाला त्याचे नाव दिले आणि १९९८ मध्ये त्याच्या नावाचे मोठे संग्रहालय उघडले.

धाकटा मुलगा जॉन १९९१ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी वारला. मद्य आणि अमली पदार्थ यांच्याशी त्याचे पुष्कळ आयुष्य झगडण्यात गेले होते. मृत्यूपूर्वी तो आत्मचरित्र लिहीत होता. ते पत्नीने पुरे करून २००१ मध्ये प्रसिद्ध केले. पुस्तकाच्या नावात त्याने वडिलांच्या कादंबरीचेच एदेन घेतले आहे, फक्त त्याची दुसरी बाजू. आईबापांनी जे केले त्याचा झणझणीत हिशेब त्यात आहे, तसा स्वतः केलेल्याचाही. वहीच्या उजव्या पानावर चार वर्षांच्या ज्या मुलाला उद्देशून बापाने लिहावयास घेतले होते, त्याचे उत्तर आले ते असे, पन्नास वर्षांनी. आणि तोवर दोघेही हयात नव्हते.